मुलाम्याची जाडी लिहा

आमच्या आत्याकडे पाटल्यांचे दोन जोड आहेत. एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक हातात. हातातला जोड तुळशीबागेतला. ती त्याला ‘बेंटेक्सच्या’ म्हणते, तो कुठल्याही कंपनीचा असो. तिच्या पिढीला मुलाम्याचे सगळे दागिने बेंटेक्सचेच. लग्नकार्यात, लोकलच्या गर्दीत, पंढरीला जाताना ती ह्या पाटल्या बिनघोर घालते. कोणी ओढल्याच तर ओढू देत. ह्यात तिने कोणाला फसवलेलं नाही. समोरच्या बाईच्या हातातल्याही तशाच असतात आणि ते दोघींनाही ठाऊक असतं.

पण दोन वर्षांनी त्याच पाटल्यांखाली तिच्या मनगटावर लाल चट्टे उठले. खाज सुटली, पाणी येऊ लागलं. त्वचेच्या डॉक्टरांनी पाटल्या काढायला लावल्या आणि एकच प्रश्न विचारला, ‘आत काय आहे?’ तो प्रश्न घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, ‘एक ग्रॅम आहे, साहेब.’ आत काय, ह्याचं हे उत्तर. बिल काढून पाहिलं, त्यावर ‘पाटली जोड – १ नग’ एवढंच.

हा ‘एक ग्रॅम’ शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाजारपेठेच्या पाट्यांवर आहे. त्यामागचं गणित शाळेतल्या पोराला करता येईल असं आहे. सोन्याची घनता १९.३, म्हणजे एक घन सेंटिमीटर सोनं १९.३ ग्रॅम भरतं. साध्या पाटलीचा आतबाहेरचा पृष्ठभाग धरा चाळीस चौरस सेंटिमीटर. त्यावर खरोखर एक ग्रॅम सोनं सारखं पसरलं, तर थर होईल सुमारे तेरा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि तो जन्मभर पुरेल. पण सोनं ग्रॅमला दहा हजारांच्या पलीकडे गेलेलं असताना पाचशे रुपयांच्या जोडात दोन ग्रॅम सोनं कुठून येणार? उलट बाजूने हिशेब करा. थर ०.१ मायक्रॉनचा धरला, तर एका पाटलीला सोनं लागतं आठ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ग्रॅमला दहा हजार धरले तर ऐंशीएक रुपयांचं. पाचशेच्या जोडात हे बसतं. म्हणजे ‘एक ग्रॅम’ हे वजन नाही, ते त्या मालाचं नाव आहे. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्याकडे आहेच. पण ह्या सोनूबाईच्या नावात चक्क वजनाचं माप घातलेलं आहे. किराणा दुकानदाराने साखरेच्या पुड्याला ‘एक किलो’ हे नाव ठेवून आत आठ ग्रॅम साखर भरली, तर वैधमापनवाले त्याच दिवशी दारात उभे राहतील.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, मग पुढे जातो. मुलामा वाईट नाही. मुलाम्याची जाडी आणि त्याखालचा धातू लपवणं वाईट आहे. म्हणून हे दोन्ही बिलावर लिहिणं सक्तीचं करावं.

मुलाम्याला शिव्या घालणं सोपं असतं. ‘मुलामा’ म्हटलं की आपल्याला ढोंग आठवतं, आणि ढोंग फुटलं की ‘पितळ उघडं पडलं’ म्हणतो. मुलामा झिजून खालचं पितळ डोकावायला लागतं, ती ही गोष्ट. पण आपल्याच घरात पितळेवर दुसराही एक थर असायचा आणि त्याला कोणी ढोंग म्हणत नव्हतं. कल्हईवाला यायचा, अंगणात खड्डा खणून भाता लावायचा, भांडं तापवायचा, नवसागर टाकून कथील फिरवायचा. पांढऱ्या धुराचा भपकारा आणि भांडं आतून चांदीसारखं. कल्हई नसली तर पितळेत ताक कळकतं, आमटीत चिंच घालायची सोय राहत नाही. ही कल्हईसुद्धा मुलामाच की. फरक इतकाच, की खाली पितळ आहे हे सगळ्या घराला ठाऊक होतं. थर किती दिवस टिकणार ह्याचाही अंदाज होता, आणि उडाला की पुन्हा कल्हईवाल्याची वाट बघायची. कल्हई उडालेल्या भांड्याचं ‘पितळ उघडं पडलं’ असं कोणी म्हणत नसे. ‘कल्हईला झालंय’ म्हणत.

आपल्या भाषेला जाडीची जाण पूर्वीपासून आहे. ‘सोन्याचं पाणी दिलंय’ म्हणजे अगदी नावाला. ‘मुलामा’ म्हणजे त्याहून बरा थर. ‘सोन्याने मढवलंय’ म्हणजे पत्रा ठोकून बसवलेला, काढून वजन करता येईल असा. जुन्या बोरमाळेत लाखेवर सोन्याचा पातळ पत्रा असतो आणि सोनार मोडीला घेताना लाखेचं वजन वजा करतो, ते घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही मान्य असतं. पाणी, मुलामा आणि मढवणं ही तीन वेगळी कामं आहेत. वर्तमानपत्रांनी आणि दुकानांनी मिळून ह्या तिन्हींची एक खिचडी केली आहे. तिचे परिणाम पाटल्यांपुरते राहिलेले नाहीत, ते पुढे येईलच.

आधी पातळ थराची बाजू घेतो, कारण तिची बाजू घेणारे कमी आहेत. २५ डिसेंबर २०२१ ला जेम्स वेब दुर्बीण अवकाशात गेली. तिचा साडेसहा मीटर व्यासाचा आरसा बेरिलियमच्या अठरा षटकोनी तुकड्यांचा आहे आणि त्यावर सोनं चढवलेलं आहे, कारण सोनं अवरक्त किरण उत्तम परावर्तित करतं. थर किती? शंभर नॅनोमीटर, म्हणजे ०.१ मायक्रॉन. तुळशीबागेतल्या पाटलीवर मी धरला तेवढाच! आरशाचं क्षेत्रफळ सुमारे पंचवीस चौरस मीटर. वर पाटलीसाठी केलं तेच गणित इथे करा, उत्तर येतं सव्वाअठ्ठेचाळीस ग्रॅम. आणि त्या आरशावरच्या सोन्याचा जाहीर आकडाही नेमका ४८.२५ ग्रॅमच आहे. बाजारातल्या हिशेबाने पाच तोळेही नाही. आपल्याकडे मध्यमवर्गीय लग्नात ह्याहून जास्त सोनं मांडवात फिरतं. विश्वाच्या बालपणीच्या दीर्घिका पाहायला एवढं पुरतं.

म्हणजे दोष पातळपणात नाही. वेबच्या आरशावर सोनं किती, का आणि कशावर, हे कोणालाही वाचायला मिळतं. आत्याच्या पाटलीचं ते बिलावरसुद्धा नाही.

ऑलिंपिकचं सुवर्णपदक घ्या. भरीव सोन्याची पदकं शेवटची दिली गेली १९१२ साली, स्टॉकहोमला. त्यानंतर पदक चांदीचं आणि वर सोनं, निदान सहा ग्रॅम. टोकियोत नीरज चोप्राच्या गळ्यात पडलेलं पदक साधारण ५५६ ग्रॅमचं होतं, म्हणजे त्यातली बहुतेक सगळी चांदीच. म्हणून आपल्यापैकी कोणाला फसल्यासारखं वाटलं का? नाही, कारण नियम उघड आहे. दसऱ्याला तर आपण आपट्याची पानं सोनं म्हणून देतो. तिथे मुलामासुद्धा नाही, नुसता शब्द आहे आणि त्यावर गळाभेटही होते. सोन्याच्या नावाखाली काय दिलं जातंय हे दोन्ही बाजूंना माहीत असलं, तर पानसुद्धा चालतं.

मोबाइलमधल्या सिमकार्डावरची ती पिवळी चकती पाहा. ते सोनं शोभेचं नाही. तांबं गंजतं, चांदी काळवंडते, सोन्यावर हवेचा परिणाम होत नाही, म्हणून जोड पक्का राहावा यासाठी दिलेला तो थर. संगणकाच्या सुट्या भागांत सोन्याखाली निकेल असतं, तांब्याने सोन्यात शिरू नये म्हणून. हे सगळं बनवणारा आणि विकत घेणारा मायक्रॉनमध्ये बोलतात. कारखान्याने कारखान्याला विकलेला मुलामा मोजून दिला जातो. बाईला विकलेला तेवढा ‘एक ग्रॅम’.

पूर्वी मुलामा पाऱ्याने देत. सोनं पाऱ्यात कालवून धातूवर फासायचं आणि तापवून पारा उडवायचा. सोनं राहायचं, पारा कारागिराच्या छातीत जायचा. सेंट पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक कॅथेड्रलच्या घुमटाला असं सोनं चढवताना साठेक कारागीर दगावल्याचं सांगतात. १८०५ मध्ये इटलीतल्या ब्रुन्यातेल्लीने विजेने मुलामा देऊन दाखवला, १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनांनी पेटंट घेऊन त्याचा धंदा केला. आजही तत्त्व तेच आहे. सोन्याचा क्षार विरघळलेल्या द्रावणात दागिना लटकवायचा आणि वीज सोडायची. द्रावण बहुधा सायनाइडचं असतं, म्हणजे धोका पुरता गेलेला नाही, पाऱ्याच्या जागी दुसरं विष आलंय. पण विजेमुळे एक मोठी सोय झाली. किती विद्युतप्रवाह किती मिनिटं सोडला, ह्यावरून किती सोनं चढलं ते काढता येतं. मुलामा देणाऱ्याला ते माहीत असावंच लागतं, कारण द्रावणातल्या सोन्याच्या प्रत्येक मिलिग्रॅमचे पैसे तो मोजतो. जाडीचा आकडा तिथे टाकीपाशी असतो. टाकीपासून बिलापर्यंत येताना तो गळतो.

आपल्याकडे हॉलमार्क आला, हे चांगलंच झालं. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. पण हॉलमार्क म्हणजे दागिना किती कॅरेटचा ह्याची हमी. मुलाम्याच्या दागिन्याला तो लागूच होत नाही आणि होऊही नये, कारण तो सोन्याचा दागिनाच नाही. मग त्याच्यासाठी काय? अमेरिकेत व्यापार आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. विजेने दिलेला सोन्याचा मुलामा म्हणायचा असेल, तर थर निदान ०.१७५ मायक्रॉन हवा. ‘जाड मुलामा’ म्हणायचं असेल, तर अडीच मायक्रॉन. अमेरिकेत सगळे प्रामाणिक आहेत असं नाही, पण तिथे शब्दाला आकडा बांधलेला आहे. युरोपात १९९४ च्या निर्देशाने कातडीला लागणाऱ्या दागिन्यातून किती निकेल सुटू शकतं ह्यावर मर्यादा घातली. आत्याच्या मनगटाचा प्रश्न तो. मुलामा पातळ, खाली निकेल, घाम आणि घासणं. वरचं सोनं झिजलं की निकेल सरळ कातडीला लागतं. बिलावर ‘पितळ, त्यावर निकेल, त्यावर अमुक मायक्रॉन सोनं’ एवढं असतं, तर निकेलचं वावडं असलेल्या बाईने ते घेतलंच नसतं.

व्यापारी म्हणतील, पाचशेच्या मालाला तपासणी परवडत नाही. खरं आहे. हॉलमार्कचं शुल्क नगामागे पंचेचाळीस रुपये आणि वर कर. ते ह्या धंद्याने सोसावं असं मी म्हणतच नाही. प्रत्येक नग तपासू नका. मुलामा देणाऱ्याने त्या खेपेचा आकडा घाऊक बिलावर लिहावा आणि किरकोळवाल्याने तो आपल्या बिलावर उतरवावा. खोटा लिहिला तर ग्राहक न्यायालय आहे. न लिहिलेल्याला न्यायालयात नेता येत नाही, हीच तर आजची अडचण आहे. ‘एक ग्रॅम’ हे शब्द मात्र पाटीवरून उतरले पाहिजेत, किंवा मग आत ग्रॅम भरा.

आता मढवण्याकडे. शबरीमलाच्या गाभाऱ्याच्या छपराला आणि इतर भागांना १९९८-९९ मध्ये एका मद्यसम्राटाने दिलेलं तीस किलोंहून थोडं जास्त सोनं मढवलं गेलं. २०१९ मध्ये द्वारपालांच्या मूर्तींवरचे पत्रे ‘पुन्हा मुलामा देण्यासाठी’ उतरवले, तेव्हा देवस्थानच्या पंचनाम्यात त्यांची नोंद ‘तांब्याचे पत्रे’ अशी झाली. चेन्नईला पोचायला त्यांना महिन्याहून जास्त लागला. तिथे वजन भरलं, तर साडेचार किलोंच्या आसपास घट. २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन विशेष पथक नेमलं, काही जणांना अटक झाली. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. मला त्या पंचनाम्यातला एक शब्द छळतो. ‘तांबं’ हे खोटं नव्हतं, पत्रे खरोखर तांब्याचेच होते. फक्त त्यांवर काय, किती आणि किती जाड, हे लिहिलं नाही. एकदा मढवलेल्या वस्तूची कागदावर ‘तांबं’ अशी नोंद झाली, की त्यावर नंतर पातळ पाणी देऊन परत आणलं तरी डोळ्यांना फरक कळत नाही. पिवळं ते पिवळंच.

केदारनाथची गोष्ट उलट बाजूची. २०२२ मध्ये मुंबईच्या एका दात्याच्या देणगीतून गाभाऱ्याच्या भिंतींना सोनं लागलं आणि पुढच्या वर्षी ओरड झाली की हे सोनं नाहीच, पितळ आहे, सव्वाशे कोटींचा घोटाळा आहे. मंदिर समितीने आकडे दिले. सोनं सुमारे पावणेचोवीस किलो, खाली तांब्याचे पत्रे सुमारे हजार किलो. हे आकडे पहिल्याच दिवशी भिंतीशेजारी पाटीवर असते, तर सव्वाशे कोटींच्या वावड्या उडवायला जागाच नव्हती. दात्याचीही बदनामी टळली असती. म्हणजे जाडी न लिहिल्याचं नुकसान प्रामाणिक माणसालाही सोसावं लागतं.

देवळाला सोनं असावं की नसावं, ह्या वादात मी पडत नाही. आजचं काशी विश्वेश्वराचं देऊळ अहिल्याबाईंनी बांधलं आणि त्याच्या शिखराला सोनं दिलं महाराजा रणजितसिंहांनी, पन्नासेक वर्षांनी. दोघांचीही श्रद्धा. (मला विचाराल तर माझं मन अहिल्याबाईंच्या दगडाकडे झुकतं, पण ती आवड झाली, तो युक्तिवाद नाही.) सोनं द्यायचं तर द्या, नोंदवहीत ‘पत्रा तांब्याचा, त्यावर सोनं इतकं ग्रॅम, क्षेत्रफळ इतकं’ असं लिहा आणि दर काही वर्षांनी वजन करा. प्रत्येक देवस्थानच्या विश्वस्तांना हे जमण्यासारखं आहे.

आणि मुलामा फक्त सोन्याचाच असतो असं कुठे आहे? डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत सुशोभीकरणाचा मोठा कार्यक्रम निघाला, सुमारे १,७०० कोटींचा. दिव्यांच्या खांबांना रोषणाईच्या माळा, पुलांखाली रंगरंगोटी, भिंतींवर चित्रं. त्याच महिन्यात जी-२० चे पाहुणे आले, तेव्हा वाटेवरच्या वस्त्यांसमोर पडदे लावल्याची छायाचित्रं छापून आली. शहराने नटू नये असं मी म्हणणार नाही. कल्हईवाल्यासारखा नगरपालिकेनेही अधूनमधून हात फिरवावा. पण ह्या १,७०० कोटींत थर किती आणि भांडं किती? फूटपाथ, गटार, शौचालय ह्यांवर किती आणि माळांवर किती, हे त्या खांबापाशी उभ्या असलेल्या माणसाला कुठे वाचता येतं?

आमच्या जिल्ह्यात रस्त्याचं काम निघालं की पाटी लागते. कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, दोष दायित्व कालावधी, म्हणजे रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने तो किती काळ दुरुस्त करून द्यायचा ते. अंदाजपत्रकात डांबराच्या थराची जाडी मिलिमीटरमध्ये असते. म्हणूनच गावातला एखादा निवृत्त मास्तर खिशात पट्टी घेऊन जातो, रस्त्याची कड उकरतो, ‘वीस म्हणता, हे बारा भरतंय’ असं ग्रामसभेत म्हणतो आणि ठेकेदाराला घाम फुटतो. डांबराला जे जमलं ते माळांना, सोन्याला आणि पाटल्यांना का जमू नये?

जाडीचा दुसराही एक दोष आहे, फाजील जाडीचा. इंग्रजीत अभियंते गरजेपेक्षा जास्त खर्चिक काम करण्याला सोन्याचा मुलामा देणं म्हणतात. आपल्याकडे तो अर्थ रुळलेला नाही, आपला मुलामा नेहमी आतून पोकळच असतो. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड वीजदरवाढीवर बोलताना ह्याच अर्थाने बोलल्या होत्या. विजेच्या तारा-खांबांच्या कंपन्यांना घातलेल्या भांडवलावर ठरलेला परतावा मिळायचा. मग जितका खर्च जास्त, तितका नफा जास्त. वर्षातल्या मोजक्या तासांच्या मागणीसाठी खांब आणि वीज उपकेंद्रं उभी राहिली आणि बिल घरोघरी गेलं. इथे मुलामा खरा होता, जाड होता, पण त्याचे पैसे देणाऱ्याला जाडी कोणी विचारलीच नव्हती. आपल्याकडेही वीजदर ठरवताना भांडवलावर परतावा देण्याची पद्धत आहे आणि नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणीही होते. तिथे दरवेळी तेच चार-पाच ग्राहक प्रतिनिधी फायली घेऊन बसलेले असतात. बाकीचे आपण बिल आल्यावर चिडतो.

मागच्या आठवड्यात आत्या पुन्हा तुळशीबागेत गेली. ह्या वेळी मी तिला पढवून पाठवलं होतं. तिने दुकानदाराला विचारलं, ‘किती मायक्रॉन?’ त्याने तिच्याकडे पाहिलं, मग आतल्या पोराला हाक मारून तोच प्रश्न विचारला. पोरगा आतून ओरडला, ‘अर्धा!’ आत्या म्हणाली, ‘लिहून द्या.’ दुकानदाराने बिलाच्या कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलं, ‘अर्धा’. अर्धा काय, ते लिहिलं नाही.